सरपणाचे ओंडके हलवायची हत्यारं: कोणतं विकत घ्यायचं, कोणतं लोहाराकडून करून घ्यायचं

वळवाच्या वादळात बांधावरचा लिंब आडवा झाला किंवा विहिरीच्या कडेची जुनी बाभूळ वाळून कलली, की सगळ्यांना आधी कुऱ्हाड आठवते, नाहीतर चेनसॉ. तोडायचं हत्यार गावात कुणाकडेही मिळतं. खरी अडचण त्याच्या पुढची. दीड-दोनशे किलोचा ओंडका फांद्यांच्या जंजाळातून बाहेर काढायचा, करवतीखाली फिरवायचा, ट्रॉलीत घालायचा आणि घरामागं आणून रचायचा. कंबर धरते, बोटं चेमटतात, अंगठ्याचं नख काळं पडतं ते याच हलवाहलवीत.

पहिल्यांदाच स्वतःच्या शेतातलं जळतण करायला निघालेल्यांसाठी हा लेख आहे. सगळ्यात आधी एक क्रम डोक्यात ठेवा: ओंडका फिरवता येतो का? नाही, तर ओढता येतो का? तोही नाही, तर त्याचे तुकडे करता येतात का? या तिन्हीतलं काहीच जमत नसेल तरच उचलायचा. हत्यारंही याच क्रमानं घ्यायची. नवे लोक नेमकं उलट करतात. पहिली खरेदी चेन कप्पीची होते, आणि शेतात गेल्यावर कळतं की ओंडका अर्धा फूट लोळवायला घरात साधी पहारही नाही.

१. ओंडक्याचं वजन काढा

हत्यार वजनावरून ठरतं, आणि अंदाज नेहमी कमीच निघतो. ओल्या लाकडाच्या बाबतीत तर फारच. म्हणून सुतळी आणि टेप घ्या. ओंडक्याच्या मधोमध सुतळी गुंडाळून घेर फुटात मोजा, लांबी फुटात मोजा आणि हा हिशोब करा:

घेर × घेर × लांबी × सव्वादोन = ताज्या, ओल्या ओंडक्याचं वजन किलोत.

३ फूट घेराचा, ४ फूट लांबीचा बाभळीचा ताजा ओंडका घ्या. ३ × ३ × ४ × २.२५, म्हणजे ८१ किलो. दिसायला तो एका माणसाचं काम वाटतो आणि कंबर धरते ती इथेच. ४ फूट घेर आणि ७ फूट लांबी असेल तर थेट २५० किलोच्या वर जातो. घेर वाढला की वजन दुपटीनं-चौपटीनं का वाढतं, हे सूत्रात घेर दोनदा आल्यावरून लक्षात येईल.

चांगली वाळलेली बाभूळ असेल तर सव्वादोनऐवजी पावणेदोन धरा. वाळलेला आंबा किंवा सुबाभूळ असेल तर दीड. खोड वरून वाळलेलं आणि आतून ओलं असणं फार कॉमन आहे, त्यामुळे शंका आली तर सव्वादोनच धरा.

वजन आलं की असं ठरवा:

२५ किलोपर्यंत: एक माणूस, एक हात-चिमटा किंवा पिकारून (लांब दांड्याची, ओंडक्यात रुतवून ओढायची चोच).
२५ ते १०० किलो: फिरवायचा आकडा, पहार, दोन माणसं. उचलायचाच असेल तर चार.
१०० किलोच्या वर: फिरवणे, ओढणे, फळ्यांवरून चढवणे. हातानं उचलायचा विषय बंद.

२. तुकडा कुठे करायचा ते आधी ठरवा

८१ किलोचा ४ फुटी ओंडका तुम्हाला शेवटी चुलीसाठी सव्वा-दीड फुटाचाच करायचा असेल, तर तो अख्खा घरी न्यायचं कारण काय? जागेवरच तीन तुकडे केले की एकेक २७ किलोचा होतो आणि हत्यारांची निम्मी यादी गळून पडते. पाण्याच्या बंबासाठी तर वीतभर ढलप्या लागतात. लांब ओंडके लागतात ते पंगतीच्या स्वयंपाकाला मांडलेल्या चरीच्या चुलीला, भट्टीला, किंवा कुणाला विकायचे असतील तर.

अडचण अशी की जमिनीला टेकलेला ओंडका जागेवर कापता येत नाही. करवत खालपर्यंत गेली की काळ्या मातीत घुसते, दात मरतात. चेनसॉची साखळी तर मातीला एकदा लागली की कानस काढून बसावंच लागतं. वरून अर्धा कापून ओंडका फिरवायचा आणि उरलेला वरूनच कापायचा, ही खरी पद्धत. म्हणून फिरवायचं हत्यार आधी.

३. फिरवायची हत्यारं: इथे कंजुषी करू नका

पहार. पाच फुटी, २५ मिलिमीटर जाडीची घ्या. लोखंडी सळईचं वजन काढायचं सूत्र बांधकामावरच्या कुठल्याही मिस्त्रीला पाठ असतं: जाडी मिलिमीटरमध्ये, तिचा वर्ग, भागिले १६२, म्हणजे एका मीटरचं वजन. त्या हिशोबानं ही पहार सहा किलोला जराशी कमी भरते. तिच्या नावाखाली दुकानात चार-साडेचार किलोची पातळ पहार पुढे करतात. ती खड्डे खणायला ठीक, पण ओंडक्याखाली घालून जोर दिला की मधून वाकते. २८ मिलिमीटरची सव्वासात किलोच्या आसपास जाते. ती दिवसभर वागवणं सोपं नाही, आणि बहुतेकांना तिची गरज पडत नाही.

पहारीचं सगळं काम टेकूवर आहे. टोकापासून ६ इंचावर टेकू ठेवला, तर तुमच्या बाजूला साडेचार फूट उरतात, म्हणजे नऊपट जोर. वरच्या २५० किलोच्या ओंडक्याचं एक टोक उचलायला साधारण १२५ किलो लागतात. टेकूवर तेच काम हाताच्या १४ किलोत होतं. टेकू म्हणून दगड घेऊ नका. बेसाल्टचा गोटा निसटतो, आणि निसटला की पहारीचं वरचं टोक हनुवटीकडे येतं. बाभळीचा चपटा, वीतभर रुंद तुकडा सगळ्यात चांगला. जमीन भुसभुशीत असेल तर त्याखाली फळी टाका, नाहीतर ओंडका वर येण्याऐवजी टेकूच खाली जातो.

एका खेपेला ओंडका तीन-चार इंचच उचलतो. तेवढंच पुरे. खाली आडवा तुकडा सरकवा, टेकू उंच करा, पुन्हा जोर द्या. आडवा तुकडा हातानं नाही, काठीनं सरकवायचा.

फिरवायचा आकडा. ऑनलाइन हा कँट हूक नावानं मिळतो. चार फुटी लाकडी दांडा, खालच्या टोकाला लोखंडी पट्टा, आणि त्याच्या वर बोल्टवर झुलणारा वाकडा आकडा. आकड्याचं टोक ओंडक्याच्या पलीकडच्या अंगाला रुततं, दांड्याचं टोक अलीकडे टेकतं, आणि दांडा ढकलला की पकड आपोआप घट्ट होत ओंडका लोळतो. सपाट जमिनीवर २५० किलोचा ओंडका एक माणूस याने फिरवू शकतो. खाली पट्ट्याऐवजी अणकुचीदार सुळा असला की त्याला पीव्ही म्हणतात. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या जोसेफ पीव्ही नावाच्या लोहारानं १८५०च्या दशकाच्या शेवटी तो काढला, नदीतून वाहत येणारे ओंडके वळवायला. आपल्याकडे ओंडके नदीतून येत नाहीत. शेतात तो सुळा मातीत रुततो किंवा पायाला लागतो. साधा आकडाच घ्या.

तिसरा प्रकार आहे टिंबरजॅक: याच आकड्याला मागे एक पाय जोडलेला असतो, दांडा पूर्ण खाली दाबला की ओंडका सहा-आठ इंच उचलून पायावर राहतो आणि कापता येतो. चेनसॉ असेल आणि ओंडके मध्यम असतील तर उपयोगी. हातकरवतीवाल्यांनी पहार आणि दोन आडवे तुकडे यांवरच भागवावं.

आकडा वापरताना हे होतं:

ओंडका अर्धा फिरतो, तुम्ही दम घ्यायला थांबता आणि तो मागे येतो. येताना दांडा उलटा फिरतो. त्यामुळे दांडा दोन पायांच्या मध्ये कधीच येऊ द्यायचा नाही, आणि ओंडका अर्ध्यात आला की दुसऱ्यानं लगेच पाचर लावायची.

उतारावर ओंडक्याच्या खालच्या अंगाला कुणीही उभं राहायचं नाही. लहान मुलं, शेळ्या, मोबाइलवर बोलत उभे असलेले पाहुणे, सगळे वरच्या बाजूला.

वाळलेल्या बाभळीची साल सुटलेली असते. आकडा सालीत रुतलेला दिसतो, जोर दिला की सालीसकट निघून येतो आणि ढकलणारा तोंडावर पडतो. आकडा लागतो तिथली हातभर साल कुऱ्हाडीनं आधी काढा.

४. ओंडक्याखाली काय आहे ते बघा

महिनाभर पडून राहिलेल्या ओंडक्याखाली विंचू असतोच असं धरून चालायचं. घोणस आणि फुरसं मराठवाड्यात सगळीकडे आहेत आणि दोघांनाही अशी जागा आवडते. ओंडक्याखाली हात घालून बोटं रुतवायची सवय इथेच सोडून द्या. लांब हत्यारं घ्यायचं हेही एक कारण आहे.

पहिली हालचाल टोकाकडून, पहारीनं, दोन इंच उचलून करायची. तसाच धरून थांबा आणि दुसऱ्याला बॅटरीनं खाली बघू द्या. हलका ओंडका असेल तर आकड्यानं स्वतःकडे लोळवा, म्हणजे फट पलीकडच्या बाजूला उघडते आणि खालून निघालेल्या जनावरात आणि तुमच्यात ओंडका राहतो. हे फक्त ५० किलोच्या आतल्या ओंडक्याला आणि सपाट जागेवर. जड ओंडका अंगावर लोळवून घ्यायचा नसतो.

साप चावलाच तर दोर बांधणं, चिरा देणं, मांत्रिक, यात एक मिनिटही घालवू नका. चावलेला भाग न हलवता सरळ प्रतिविष असलेल्या दवाखान्यात. ते जवळ कुठे मिळतं याची चौकशी काम सुरू करायच्या आधी करून ठेवा.

५. ओढायची हत्यारं

पिकारून. कुऱ्हाडीच्या दांड्याला पात्याऐवजी किंचित खाली वाकलेली चोच. ओंडक्यात हाणायची, ओढायचं, दांडा जरा वर उचलून सोडवायची. ट्रॉलीतले ओंडके मागे ओढायला, ढिगातून एकेक काढायला, न वाकता तुकडे गोळा करायला हिच्यासारखं हत्यार नाही. दांडा अडीच ते तीन फूट.

पण एक मर्यादा आहे, आणि ती परदेशी व्हिडिओंत दिसत नाही, कारण तिकडे लाकूड मऊ असतं. पूर्ण वाळलेल्या बाभळीत चोच रुतत नाही, टण्णकन उडते. उडालेली चोच नडगीवर येते. ओल्या लाकडात, आंब्यात, सुबाभळीत, लिंबात ती छान चालते. बाभळीतही ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर, रेषांच्या दिशेनं हाणली तर पकडते. अंगावर हाणू नका. तुमच्याकडे वाळलेली बाभूळ आणि वेडी बाभूळच जास्त असेल, तर पिकारूनचे पैसे चिमट्यावर घाला.

दोर. ओंडका ओढायला लागतो तो दोर हाताला जाड हवा. आठ मिलिमीटरचा निळा-पिवळा प्लास्टिकचा दोर ताकदीला पुरतो, पण तळहात कापतो, गाठीत घसरतो आणि दोन उन्हाळे बाहेर राहिला की त्याची भुकटी पडायला लागते. भुकटी पडणारा दोर कडबा बांधायला द्या. नायलॉन मजबूत असतो, पण ताणतो. ट्रॅक्टरला लावून ओढताना तुटला तर तुटलेलं टोक चाबकासारखं मागे येतं. ट्रॅक्टरनं ओढायचं असेल तर साखळी लावा, तिच्यावर मधोमध एखादं ओलं पोतं टाका आणि सगळ्यांना साखळीच्या लांबीपेक्षा लांब उभं करा. हातानं ओढायला २० मिलिमीटर जाडीचा सुती किंवा घायपाताचा दोर बरा. बैलगाडीचा जुना नाडा असेल तर आधी पीळ उकलून आत बघा. वरून धड दिसतो, आतून कुजलेला असतो.

ओंडक्याला बांधायची गाठ अशी: दोर ओंडक्याभोवती एकदा घ्यायचा, मोकळं टोक मुख्य दोराच्या खालून काढायचं आणि मग त्याच फेऱ्यावर तीन-चार पीळ देऊन सोडून द्यायचं. जितकं ओढाल तितकी आवळते, ढील दिली की हातानं सुटते. पुढच्या टोकाशी आणखी एक साधा अढा घातला की ओंडका सरळ येतो, आडवा फिरत नाही.

रूळ. मुरमाच्या किंवा टणक वाटेवर ओंडक्याखाली तीन पाइपाचे तुकडे घाला आणि ढकला. विहिरीच्या किंवा बोअरच्या कामातून उरलेला दोन-तीन इंची लोखंडी पाइप बहुतेक वाड्यांत पडलेला असतो, त्याचे दोन-दोन फुटांचे तुकडे पुरतात. एक मागे निघतो, तो उचलून पुढे घालायचा. नांगरलेल्या रानात किंवा ओल्या काळ्या मातीत रूळ फिरत नाहीत, रुततात. पावसाळ्यात काळ्या रानातून ओंडका काढायचा हट्टच करू नये. वाफसा येऊ द्या.

हातगाडी. याबद्दल एवढंच: हवेचं चाक घेऊ नका. वेड्या बाभळीचा एक काटा आणि काम थांबलं. भरीव रबराचं चाक घ्या.

६. उचलायची हत्यारं

हात-चिमटा. दोन वाकड्या भुजा, मधे बोल्ट, वर मूठ. उचललं की भुजा आत दाबतात. घेताना बोल्ट आणि धार तर सगळेच बघतात, पण जबड्याची उघडझाप कुणी बघत नाही. दोन्ही टोकं ओंडक्याच्या सगळ्यात जाड भागाच्या खाली गेली पाहिजेत. बरोबर मधोमध किंवा वर अडकली तर अर्ध्या उंचीवर ओंडका सुटतो, आणि खाली पाय असतो. १० इंचापर्यंत उघडणारा चिमटा ८ इंच जाडीच्या ओंडक्यापर्यंतच वापरा.

चौघांची बल्ली. २५ ते १०० किलोसाठी आपल्याकडची जुनी पद्धतच बरी. ओंडक्याच्या दोन्ही टोकांपासून साधारण पाव लांबी आत दोन जागी दोराचे फास, प्रत्येक फासातून एक आडवी बल्ली, प्रत्येक बल्लीला दोन माणसं. १०० किलो भागिले चार, म्हणजे माणशी २५. बल्ली भरीव मानवेल बांबूची किंवा सरळ बाभळीची, चार फुटी. पोकळ बांबू फासाच्या जागी चेपतो. ओंडका जमिनीपासून घोट्याइतकाच वर ठेवायचा, खांद्यावर न्यायचा नाही, म्हणजे कुणाचा पाय घसरला तरी तो वीतभरच पडतो. हाक एकानेच द्यायची. उचलताना आणि ठेवताना दोघांनी वेगवेगळं बोललं की कुणाची तरी कंबर जाते.

चेन कप्पी आणि तिपाई. विहिरीतली मोटार काढायची तिपाई गावात भाड्यानं मिळते, तीच चालते. एक टनाची कप्पी पुरे. तिपाईचे तिन्ही पाय खाली साखळीनं एकमेकांना बांधलेले हवेत, नाहीतर वजन आलं की ते फाकतात. काळ्या मातीत प्रत्येक पायाखाली फळी. हुकाला खटका हवा. ओंडका दोन ठिकाणी बांधून एका हुकाला लटकवताना फास फार पसरट करू नका: दोर आडव्याशी ६० अंशात असेल तर प्रत्येक दोरावर वजनाच्या ५८ टक्के ताण येतो, ३० अंशात असेल तर प्रत्येकावर पूर्ण वजनाएवढा. म्हणजे दोन दोर लावूनही काही उपयोग झाला नाही. ओंडक्याखाली कुणी जायचं नाही, हे सांगायला नको, तरी सांगावं लागतं, कारण लटकलेल्या ओंडक्याखाली पडलेली चप्पल काढायला हमखास कुणीतरी वाकतो.

७. ट्रॉलीत चढवणं: दोन दोर, दोन फळ्या

चेन कप्पीवर खर्च करायच्या आधी हे करून बघा. ट्रॉलीची फळी जमिनीपासून तीन फुटांवर असेल तर नऊ फुटी दोन मजबूत वासे तिला तिरके लावा. खालची टोकं मातीत रोवा, वरची ट्रॉलीला बांधा. ट्रॉलीच्या सगळ्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा.

३५ फुटांचे दोन दोर घ्या. एकेकाचं टोक ट्रॉलीला बांधा, दोर वाशावरून खाली सोडा, ओंडक्याच्या खालून घेऊन वरून परत ट्रॉलीकडे आणा. दोन माणसं ट्रॉलीच्या पलीकडे उभी राहून ओढतात आणि ओंडका दोरांच्या झोळीत लोळत वर येतो. हिशोब असा: तीनास एक उतार म्हणून २५० किलोचे साधारण ८३ किलो होतात. ओंडका दोराच्या आत फिरतो म्हणून त्याचे पुन्हा निम्मे, ४२. दोघांत वाटले तर माणशी २१ किलो आणि वर घासणीचं थोडं. अडीचशे किलो दोन माणसांत ट्रॉलीत जातात ते असे.

यात बिघडतं ते सहसा एकाच कारणानं: ओंडका एका टोकाला जाड असतो. जाड टोक एका फेऱ्यात जास्त अंतर जातं, ओंडका तिरका होतो आणि वाशावरून एका बाजूनं उतरतो. त्यामुळे बारीक टोकाच्या माणसानं जास्त ओढायचं, जाड टोकाच्यानं थांबत थांबत. तिसरा माणूस बाजूला उभा राहून दर फूटभराला ओंडक्याच्या मागे पाचर लावतो. तो बाजूला असतो, मागे नाही. ओढणाऱ्यांनी दोर मनगटाला गुंडाळायचा नाही.

८. लोहाराकडून करून घेताना

आकडा, पिकारून आणि चिमटा तालुक्याच्या दुकानात सहसा तयार मिळत नाहीत. आठवडी बाजाराला रस्त्याच्या कडेला भाता लावून बसणारे घिसाडी किंवा गावचा लोहार ते करून देतात, आणि चांगले देतात, पण काय हवं ते मापासकट सांगावं लागतं. मोबाइलवर फोटो दाखवा आणि हे सांगा.

लोखंड: ट्रकच्या कमानीचा जुना पाटा, आठ ते दहा मिलिमीटर जाडीचा. भंगारात मिळतो. बारीक आडवी चीर असलेला पाटा घेऊ नका. रॉकेलनं पुसून खडू फासला की चिरेत मुरलेलं रॉकेल बाहेर येऊन रेघ दिसते. लोहार बांधकामाची सळई सुचवतील, कारण ती कुठेही पडलेली असते, जालना तर त्या सळईचंच गाव. पण त्या सळईचा कडकपणा वरच्या थरात असतो, कारखान्यात गरम सळई पाण्यानं झपकन थंड करून आणलेला. भट्टीत घातली की तो जातो आणि मऊ लोखंड उरतं. तिचं टोक आठवड्यात बोथट होतं. चिमट्याच्या भुजांना सळई चालेल, टोकाला नाही.

वेल्डिंग नको. हा सगळ्यात मोठा सापळा. कमानीच्या पाट्याला साधं वेल्डिंग केलं की जोडाच्या शेजारची पट्टी ठिसूळ होते. जोड तसाच राहतो आणि त्याच्या कडेनं आकडा तुटतो, तोही पूर्ण जोर लावलेला असताना. आकडा १२ मिलिमीटरच्या बोल्टवरच बसवायचा, आणि नट नायलॉनच्या कड्याचा, आपोआप ढिला न होणारा.

पाणी देणं, म्हणजे तापवून विझवून टोक कडक करणं: पाट्याचं टोक पाण्यात विझवलं तर तडकायची भीती असते, तेलात विझवायला सांगा. नंतर पुन्हा हलकं तापवून टोकावर निळा रंग येईपर्यंत कडकपणा उतरवायला सांगा. हे दुसरं तापवणं घाईत सुटतं आणि चोच पहिल्या दिवशी मोडते. कडक टोकापेक्षा चिवट टोक बरं.

माप: आकड्याचा दांडा चार फूट. खाली दोन इंच जाड, वर हाताला येईल असा दीड इंच. आकडा बोल्टपासून टोकापर्यंत १० ते १२ इंच, बोल्ट दांड्याच्या खालच्या टोकापासून आठ-दहा इंचावर.

दांडा धावड्याचा किंवा तिवसाचा मिळाला तर उत्तम. किनवटकडच्या जंगलपट्ट्यात धावडा ओळखीचा आहे, बाकी ठिकाणी वाळलेली सरळ बाभूळ घ्या. दांडा डोळ्यासमोर धरून बघा: रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जायला हव्यात. मध्येच तिरकी होऊन कडेला बाहेर पडणारी रेष असेल तर दांडा तिथेच फाटणार. लोखंडी पाइपाचा दांडा टिकाऊ वाटतो, पण बोल्टच्या भोकाशी वाकतो आणि मे महिन्यात दुपारी हातात धरवत नाही. दांड्याला रंग किंवा व्हार्निश लावू नका, घाम आला की निसटतो. जवसाचं तेल फडक्यानं चोळा, रात्रभर मुरू द्या, असं तीनदा. तेल लावलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाची फडकी ढिगात आपोआप पेटू शकतात, दोरीवर सुटी वाळत घाला.

उन्हाळ्यात दांडे आकसतात आणि पिकारून, कुऱ्हाड, घण खुळखुळायला लागतात. रात्रभर पाण्यात ठेवलं की सकाळी घट्ट वाटतात, पण फुगलेलं लाकूड लोखंडात दाबून चेमटतं आणि वाळल्यावर आधीपेक्षा ढिलं होतं. नवी पाचर ठोका.

९. अंगावर काय हवं

पुढे लोखंडी टोपी असलेले बूट, आयएस १५२९८ चा शिक्का बघून. चप्पल घालून ओंडका लोळवायचा नाही. बाभळीचा काटा रबरी चपलेतून सरळ वर येतो. चामड्याचे हातमोजे, कापडी नकोत. दोर ओढताना हातमोजे हवेतच, पण कुऱ्हाड चालवताना काढा. चष्मा लावायचा तो घणानं लोखंडी पाचर ठोकताना: पाचरीचं डोकं कालांतरानं फुलासारखं पसरतं आणि त्याच्या कडा उडतात. पसरलेल्या कडा ग्राइंडरवर घासून काढा. आकड्यावर आणि पिकारूनवर घण कधीच मारू नका.

१०. पहिल्या खरेदीत काय घ्यावं

वर्षाला घरच्या चुलीपुरतं, एखादी ट्रॉली: २५ मिलिमीटरची पहार, २० मिलिमीटरचे दोन दोर, हात-चिमटा, बूट, हातमोजे. बस.

तीन-चार ट्रॉल्या, किंवा जाड खोडं: वरच्यात फिरवायचा आकडा आणि दोन नऊ फुटी वासे वाढवा. लाकूड ओलं असतानाच हलवत असाल तर पिकारूनही.

त्याहून जास्त असेल तर चेन कप्पी, तीही आधी भाड्यानं.

११. झाडाला हात लावण्याआधीचे कागद

स्वतःच्या शेतातलं झाड असलं तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू होतो. साग, चंदन, खैर, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, फणस ही झाडं त्याच्या अनुसूचीत आहेत, त्यांना परवानगी लागते. नगरपालिका किंवा महापालिका हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा आहे. झाड वादळानं पडलेलं असलं तरी फोटो काढा आणि तलाठ्याला कळवा, म्हणजे नंतर तोडल्याचा वाद होत नाही. लाकूड रस्त्यानं दुसऱ्या गावी न्यायचं असेल तर त्या जातीला वाहतूक पास लागतो का, ते वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारा.

सोबत ठेवा: सातबारा, आधार, सामाईक क्षेत्र असेल तर बाकी हिस्सेदारांचं संमतीपत्र, झाडाचे उभे आणि पडलेले फोटो.

झाड विजेच्या तारेवर किंवा खांबावर पडलं असेल तर यातलं एकही हत्यार बाहेर काढू नका. आधी महावितरणला फोन करा, आणि लाइन बंद केल्याचं वायरमननं समोर येऊन सांगेपर्यंत त्या झाडाजवळ जाऊ नका. ओलं लाकूड करंट घेतं, आणि पहार तर लोखंडाचीच आहे.